अंतर कोणाच्या सोयीचे?

जून 2019 मध्ये चेन्नईच्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या काही सॉफ्टवेअर कंपन्यांनी आपल्या माणसांना कळवले की काही दिवस ऑफिसात येऊ नका, घरून काम करा. कारण साधे होते. ऑफिसच्या संडासात पाणी नव्हते. पूंडी, चोलवरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे शहराला पाणी पुरवणारे चारही तलाव तळाला गेले होते, आणि टँकरवाले मागतील ती किंमत देऊनही टँकर वेळेवर येत नव्हते. बातम्यांत डझनभर कंपन्या आणि सुमारे 5,000 कर्मचारी असा आकडा आला. लाखोंच्या संख्येने माणसे जिथे रोज कामाला येतात त्या रस्त्याच्या मानाने हा आकडा लहानच. पुढच्या महिन्यात, 12 जुलैला, जोलारपेट्टैहून 25 लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी चेन्नईत आली. मराठी वाचकाला हे दृश्य ओळखीचे आहे. तीन वर्षांपूर्वी, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून अशीच गाडी लातूरला गेली होती.

त्या सूचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती आणि तिच्याकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पाणी ऑफिसात नसेल तर ते घरी असेल, असे कंपनीने धरून चालले होते. पण घर त्याच शहरात होते. शोळिंगनल्लूरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार जण मिळून राहणाऱ्या मुलांच्या नळाला पाणी येते की नाही, हा प्रश्न कंपनीचा नव्हता. पाण्याची जबाबदारी रस्त्यापलीकडे ढकलली गेली आणि त्याला सवलत म्हटले गेले.

घरून काम करण्याबद्दल सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसांना काय वाटते, यावर 2020 नंतर ढीगभर लिहिले गेले. त्यातले बरेचसे असे वाचायला मिळते की जणू हा प्रश्न महामारीने जन्माला घातला, आणि तो आवडीनिवडीचा आहे: कोणाला ऑफिस आवडते, कोणाला घर. चेन्नईकडे पाहिले की हा समज टिकत नाही. या शहराचा सॉफ्टवेअर धंदा मुळातच दुरून काम करण्याचा धंदा आहे. काम न्यूजर्सीच्या बँकेचे, करणारा तरमणीत. प्रश्न कधीच अंतर असावे की नसावे हा नव्हता. अंतर कोणाच्या सोयीने ठेवायचे आणि कोणाच्या सोयीने मोडायचे, हा होता.

तसे पाहिले तर मद्रास हे शहरच एका दूरच्या मालकाचे ऑफिस म्हणून उभे राहिले. 1639 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला इथली किनाऱ्यावरची जमीन मिळाली, सेंट जॉर्ज किल्ला बांधला गेला, आणि त्यात बसलेले तरुण कारकून लंडनच्या संचालकांना पत्रे लिहू लागले. कंपनीच्या नोकरीतल्या सर्वांत खालच्या पायरीचे नावच 'रायटर' होते. एक पत्र जाऊन उत्तर यायला वर्षाहून अधिक काळ लागे. जहाज बुडण्याची भीती म्हणून एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत. 1871 मध्ये मद्रासहून पेनांगमार्गे सिंगापूरला समुद्राखालून तारेची केबल गेली. त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी आलेल्या फायबरच्या केबलींपैकी काही त्याच वाटेने चेन्नईला येऊन टेकल्या. या मधल्या काळात मद्रास इलाख्यातल्या कचेऱ्यांमध्ये तंजावरी मराठी कुटुंबांतल्या अनेकांनी नोकऱ्या केल्या. मोडीतले दप्तर, मग तमिळ, मग इंग्रजी. कुंभकोणमला 1828 मध्ये जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. शिकून दुसऱ्याच्या दप्तराचे काम करायचे, ते दप्तर जिथे असेल तिथे जायचे, हा या प्रांतातल्या शिकलेल्या घरांचा जुना परिपाठ आहे. सॉफ्टवेअर त्यात उशिरा आले.

सॉफ्टवेअरच्या कामातले अंतर पहिल्यांदा कोणी मोजून पाहिले, याची एक गोष्ट सांगतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नरेंद्र पटणी आणि पूनम पटणी हे जोडपे अमेरिकेत केंब्रिजला राहत होते. तिथले काम भारतात करून घेता येईल का, हे त्यांना तपासायचे होते. त्यांनी घरातल्या एका खोलीला भारत ठरवले आणि दुसरीला अमेरिका. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलायचे नाही, सगळ्या सूचना कागदावर लिहूनच द्यायच्या. प्रयोग जमला. मग अमेरिकेतली कागदपत्रे पुण्याला येऊ लागली आणि इथे ती टंकून, छिद्रांच्या कागदी पट्ट्यांवर चढवून परत जाऊ लागली. पुढे पटणींच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी 1981 मध्ये पुण्यातच इन्फोसिस सुरू केली. म्हणजे भारतातल्या या धंद्याची एक तालीम नवराबायकोने राहत्या घरात केली होती, मधे फक्त एक भिंत ठेवून. पुढच्या पन्नास वर्षांत भिंतीच्या त्या नियमाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

टाटा कन्सल्टन्सीने 1974 मध्ये बरोज या अमेरिकी कंपनीसाठी काम घेतले. तेव्हा आणि पुढची दहाएक वर्षे बऱ्याच वेळा कामापेक्षा माणूस पाठवणे सोपे पडे, म्हणून माणसेच विमानात बसवली जात. लिहिलेला प्रोग्राम चुंबकीय फितीवर घालून कस्टममधून सोडवून घेणे हा स्वतंत्र उद्योग होता. 1985 मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरुला स्वतःचा उपग्रह दुवा उभारला आणि फीत मागे पडली. 1991 मध्ये केंद्र सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. करसवलत, जलद दुवा, आयात यंत्रांवर शुल्कमाफी, असे बरेच काही तिच्या योजनेत होते. पण त्यात एक अट होती आणि तिचा आपल्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. शुल्कमाफीने आणलेले संगणक कस्टमच्या नोंदीत असलेल्या ठरावीक जागेतच राहिले पाहिजेत. ते कुंपणाबाहेर न्यायचे तर परवानगी हवी. पुढे विशेष आर्थिक क्षेत्रे आली, तिथेही तत्त्व तेच. काम उपग्रहाने सात समुद्रांपलीकडे जाऊ शकत होते, ते करणारे यंत्र मात्र फाटकाबाहेर जाऊ शकत नव्हते. आणि यंत्र फाटकाच्या आत, म्हणून माणूसही आत.

याच काळात इंग्लंडमध्ये उलटी गोष्ट घडत होती. स्टेफनी शर्ली या बाईने 1962 मध्ये सहा पौंडांच्या भांडवलावर प्रोग्रामरांची कंपनी काढली. लग्नानंतर, मुले झाल्यावर नोकरीतून बाहेर पडलेल्या बायका हेच तिचे कर्मचारी. त्या घरी बसून पेन्सिलीने कागदावर प्रोग्राम लिहीत आणि पोस्टाने पाठवत. गिऱ्हाइकाचा फोन आला की मुलांचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून शर्लीबाई टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावत. पत्रांखाली 'स्टीव्ह' अशी सही करत, कारण बाईच्या नावाने आलेल्या पत्रांना उत्तर येत नसे. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे प्रोग्रामिंग अशा घरी बसलेल्या बायकांनी केले. घरून काम करणे ही या कंपनीची सवलत नव्हती, पायाच होता.

या कंपनीचे पुढे काय झाले? ती मोठी झाली, शेअर बाजारात गेली, 1997 मध्ये तिने भारतातली एक सॉफ्टवेअर कंपनी हाताखाली घेतली आणि पुढे तिचे नाव झान्सा झाले. झान्साची भारतातली केंद्रे नोएडा, पुणे आणि चेन्नईत होती. फाटक, ओळखपत्र, बस आणि कॅन्टीन असलेली, इतरांसारखीच. ज्या कंपनीचा जन्म 'घरी बसून हे काम होते' हे सिद्ध करण्यासाठी झाला, ती चेन्नईला पोचेपर्यंत कुंपणाच्या आत आली होती. मला हा इतिहासातला विनोद वाटत नाही. साहेबाच्या देशातल्या बाईवर टाकलेला विश्वास आणि इथल्या मुलीवर टाकलेला विश्वास यांच्यातला फरक त्यात उघडा पडतो.

चेन्नईचे कुंपण लवकरच रस्त्याएवढे लांब झाले. 4 जुलै 2000 रोजी पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते तरमणीला टायडेल पार्कचे उद्घाटन झाले. तिथून दक्षिणेला जाणारा जुना महाबलीपुरम रस्ता 2008 मध्ये सहापदरी झाला, त्याला राजीव गांधी सालै हे नाव मिळाले आणि टोलनाकेही मिळाले. लोक अजून ओएमआरच म्हणतात. या रस्त्याला लागून पळ्ळिक्करणैची पाणथळ जमीन आहे. दक्षिण चेन्नईच्या पावसाचे पाणी जिथे जाऊन विसावते ती जागा. तिचा मोठा भाग भरावाखाली, कचऱ्याखाली आणि इमारतींखाली गेला. उरलेल्या दलदलीला 2022 मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला सिरुसेरी. तिथे टाटा कन्सल्टन्सीचे सुमारे 70 एकरांचे आवार आहे. कार्लोस ओट या उरुग्वेच्या वास्तुरचनाकाराने त्यातल्या इमारतींना फुलपाखरांचा आकार दिला आहे. सांगली-सोलापूरकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून निवड झालेली मुले पहिल्यांदा चेन्नईत येतात ती अनेकदा इथे. भाषा येत नाही, रिक्षावाल्याशी बोलता येत नाही, सकाळी पोहे मिळत नाहीत. पण आवारात शिरले की सगळे इंग्रजीत आणि वातानुकूलित. घरी फोन करून 'ऑफिस दाखवतो' म्हणणारी मुले मी पाहिली आहेत. ऑफिसचा हा अभिमान खोटा नाही. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या पिढीला ऑफिस ही कमावलेली जागा वाटते, आणि घरून काम म्हणजे पुन्हा त्याच दहा बाय दहाच्या खोलीत जाणे. घरून कामाच्या बाजूने बोलणारे लोक हे बऱ्याचदा विसरतात.

कुंपणाला पहिला मोठा तडा डिसेंबर 2015 मध्ये गेला. 1 डिसेंबरच्या पावसाने आणि चेंबरमबाक्कमच्या विसर्गाने अडयार नदी शहरात घुसली. विमानतळ 6 तारखेपर्यंत बंद राहिला. 'द हिंदू' हे वृत्तपत्र 2 डिसेंबरला छापले गेले नाही, कारण छापखान्यात माणसेच पोचू शकली नाहीत. 1878 पासून असे कधी झाले नव्हते. सॉफ्टवेअर कंपन्यांनी मात्र काम थांबू दिले नाही. निकडीची कामे बंगळूरु-हैदराबादकडे वळवली, काही माणसांना बसमध्ये बसवून तिकडे नेले, आणि ज्यांच्याकडे लॅपटॉप आणि वीज होती त्यांना घरून काम करायला सांगितले. धंद्याच्या भाषेत याला 'बिझनेस कंटिन्युइटी' म्हणतात. घरात गुडघाभर पाणी असताना अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला 'आम्ही ठीक आहोत' असा मेल लिहिणे, हाही त्या सातत्याचा भाग. वर्षभराने, 12 डिसेंबर 2016 ला, वरदा चक्रीवादळ आले आणि पुन्हा तेच. 2019 चा दुष्काळ हा या मालिकेतला तिसरा प्रसंग. तिन्ही वेळा नियम पाण्यापुरता सैल झाला आणि पाणी ओसरल्यावर, किंवा आल्यावर, पुन्हा आवळला गेला.

त्यामुळे मार्च 2020 मध्ये चेन्नईचे प्रोग्रामर जेव्हा घरी गेले, तेव्हा ते काही अगदी नवखे नव्हते. नवे होते ते सरकारचे आणि कंपन्यांचे एकाच वेळी सैल होणे. 13 मार्चला दूरसंचार विभागाने घरून काम करण्यावरच्या अनामतीच्या आणि खास जोडणीच्या अटी तात्पुरत्या उठवल्या. विशेष आर्थिक क्षेत्रांतून संगणक बाहेर न्यायला मुभा मिळाली. लॅपटॉप नसलेल्यांच्या घरी कंपन्यांनी डेस्कटॉप गाडीत घालून पोचवले. तीस वर्षे जे यंत्र फाटकाबाहेर जाऊ शकत नव्हते, ते काही दिवसांत तांबरमच्या बैठकीच्या खोलीत, आणि पुढे गावाकडच्या माडीवर जाऊन बसले. एप्रिलमध्ये टाटा कन्सल्टन्सीने जाहीर केले की 2025 पर्यंत कोणत्याही वेळी फक्त 25 टक्के कर्मचाऱ्यांनी ऑफिसात असणे पुरेसे होईल. नोव्हेंबरमध्ये दूरसंचारच्या अटी कायमच्या ढिल्या झाल्या. जुलै 2022 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांत 43अ हे कलम घालून निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करायला परवानगी दिली गेली, आणि डिसेंबरात ती ठरावीक मुदतीसाठी सगळ्यांना लागू झाली. कस्टमच्या नोंदवहीने एवढी वर्षे जे अशक्य ठरवले होते, त्यात तांत्रिक अडचण अशी कधीच नव्हती, हे त्या अडीच वर्षांत कळून चुकले. एकदा कळलेली गोष्ट माणसे विसरत नाहीत.

मग विकासकांना ते आवडले का? स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाच्या 2022 च्या जागतिक पाहणीत सुमारे 43 टक्के पूर्णपणे दुरून काम करणारे होते, जवळपास तेवढेच मिश्र पद्धतीने, आणि रोज ऑफिसात जाणारे 15 टक्क्यांच्या आत. पण आपण कुठून काम करतो आणि आपल्याला काय हवे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जास्त बोलका आहे तो आशियातल्या एका मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीतल्या 10,000 हून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास. संगणकात बसवलेल्या सॉफ्टवेअरने टिपलेल्या नोंदींवरून अर्थशास्त्रज्ञांनी 2020 च्या आधीचे आणि नंतरचे महिने ताडून पाहिले. कामाचे तास वाढले होते. काम किंचित कमीच झाले होते, म्हणजे तासामागची उत्पादकता 8 ते 19 टक्क्यांनी घसरली होती. बैठका वाढल्या होत्या आणि सलग, न तुटता काम करण्याचा वेळ आटला होता. घरात मुले असलेल्यांचे तास जास्त वाढले होते. मालकांनी यातून 'घरून काम नीट होत नाही' हे वाचले. मला त्यात दुसरेही दिसते: माणसे रात्रीपर्यंत बसून कमी पडलेले भरून काढत होती, आणि हे कळले ते त्यांच्याच यंत्रात बसवलेल्या पाहणाऱ्या डोळ्यामुळे. ऑफिसात साहेब पाठीमागून येई तेव्हा पावलांचा आवाज तरी होई.

याआधीचा एक प्रसिद्ध प्रयोग शांघायचा. तिथल्या सीट्रिप या प्रवास कंपनीने आपल्या कॉल सेंटरमधल्या इच्छुकांना नऊ महिने घरून काम दिले. कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. पण तेवढीच कामगिरी असूनही बढती कमी जणांना मिळाली, आणि प्रयोग संपल्यावर पुन्हा निवड करायला सांगितली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपला निर्णय बदलला. एकटेपणा हे एक मोठे कारण होते. माणसाचे मत एकदाचे ठरत नाही. घर बदलते, लग्न होते, आईवडील आजारी पडतात, मत फिरते. म्हणून या विषयावर टक्केवारी सांगणाऱ्यांकडे मी थोडे साशंकपणे पाहतो.

बायकांच्या बाबतीत तर एकाच माणसाची दोन्ही मते एकाच दिवशी असू शकतात. मराठीत 'घरून काम' आणि 'घरकाम' यांच्यात एका अक्षराचे अंतर आहे, आणि अनेक घरांत तेवढेही उरले नाही. तमिळमध्ये 'वीट्टिलिरुंदु वेलै' म्हणतात, 'घरातून काम', आणि 'वीट्टु वेलै' म्हणजे घरकाम. तिथेही फरक तेवढाच. कुकरच्या शिट्ट्या मोजत कॉलवर बोलणाऱ्या बाईला ऑफिस म्हणजे आठ तासांचे माहेर वाटू शकते. पण त्या माहेराची वाटही सोपी नव्हती. फेब्रुवारी 2014 मध्ये सिरुसेरीत रात्री काम संपवून निघालेल्या एका तरुण अभियंतीचा खून झाला. जून 2016 मध्ये दुसरीचा, सकाळी नुंगमबाक्कम स्थानकावर, कामाला जायच्या गाडीची वाट पाहताना. त्याआधी 2009 मध्ये पुण्याच्या खराडीत घरी निघालेल्या अभियंतीचे काय झाले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. अशा प्रत्येक घटनेनंतर दिवे लागले, कॅबचे नियम झाले, सोबत सुरक्षारक्षक द्यायचे ठरले. घरून काम द्यावे, हा उपाय कोणाला त्या वेळी फारसा सुचला नाही. कायद्यात ते शब्द आले ते मातृत्वाच्या वाटेने: 2017 मध्ये सुधारलेल्या मातृत्व लाभ कायद्यात 26 आठवड्यांच्या रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असेल आणि मालकाशी ठरले तर, घरून काम करता येईल असे कलम घातले गेले. 'मालकाशी ठरले तर' हे शब्द महत्त्वाचे.

इथे थोडे मागे जायला हवे, सॉफ्टवेअरच्याही पलीकडे. घरी बसून दूरच्या मालकाचे काम करणे आपल्याकडे फार जुने आहे आणि ते करणारे लोक लॅपटॉपवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. सोलापुरात बायका कारखान्यातून पान आणि तंबाखू घरी नेतात, विड्या वळतात आणि हजारावर मजुरी घेतात. जागा त्यांची, दिवा त्यांचा, हाताखाली बसलेली लेक त्यांची. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या मात्र त्यांच्या हिशेबातून वजा. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने या घरी बसून काम करणाऱ्या बायकांना कामगार म्हणून ओळख दिली, पण तीही मोठ्या भांडणानंतर. घरून काम म्हणजे मालकाचे भाडे वाचणे आणि कामगाराची संघटना न होणे, हा धडा सोलापूरने कधीच शिकवून ठेवला आहे.

तमिळनाडूतला असाच विडीचा मोठा पट्टा म्हणजे तिरुनेलवेली आणि त्यातून 2019 मध्ये वेगळा झालेला तेनकासी जिल्हा. आणि नेमक्या याच तेनकासीत चेन्नईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने दुरून कामाचा वेगळा रस्ता काढला. 1996 मध्ये अ‍ॅडव्हेंटनेट नावाने सुरू झालेली आणि नंतर झोहो झालेली ही कंपनी. तिने तेनकासीजवळच्या मत्तलम्पारै या गावात 2011 च्या सुमारास ऑफिस उघडले. तिचे एक संस्थापक श्रीधर वेंबू 2019 मध्ये स्वतः तिकडे राहायला गेले. कल्पना अशी की माणसाने घरून काम करायचे नाही, ऑफिसनेच माणसाच्या गावाजवळ यायचे. वेंबूंची बाकीची मते काही असोत, या कल्पनेत एक नेमकी गोष्ट हेरलेली आहे. तरुण मुलांना ओढ असते ती नेहमी स्वतःच्या खोलीचीच नसते. त्यांना शहराच्या भाड्यापासून, टँकरपासून आणि दोन तासांच्या बसपासून सुटका हवी असते. त्याच वेळी जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून 'हे का चालत नाही बघ' म्हणणारे कोणी तरी हवे असते. नवख्या प्रोग्रामरला काम शिकवते ते शेजारचे टेबल. 2020-21 मध्ये नोकरीला लागलेली एक अख्खी तुकडी सहकाऱ्यांचे चेहरे न पाहता शिकली, आणि त्यातल्या अनेकांना ती उणीव जाणवते. पण त्याच तेनकासीत, दोन गल्ल्या पलीकडे, विडी वळणारी बाई आजही घरूनच काम करते. तिच्यासाठी गावात कोणी ऑफिस काढलेले नाही.

2022 च्या उत्तरार्धात वारे फिरले. ऑगस्टमध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी नोकरीबरोबर दुसरे काम करणे म्हणजे सरळ फसवणूक, असे जाहीर लिहिले. सप्टेंबरमध्ये अशा 300 जणांना काढल्याचे सांगितले. घरी बसलेला माणूस आपलाच आहे का, ही शंका आता उघड बोलली जाऊ लागली. ती शंका निराधार होती असे नाही, पण ज्या धंद्यात एकच कंपनी एकाच वेळी दहा गिऱ्हाइकांचे काम करते, त्या धंद्याने माणसाने मात्र एकाशीच निष्ठा ठेवावी असे म्हणणे ऐकून अनेकांना हसू आले. टाटा कन्सल्टन्सीने 1 ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात येणे सक्तीचे केले, आणि पुढच्या वर्षी बदलत्या वेतनाची सांगड हजेरीशी घातली. 25 टक्क्यांचे ते वचन 2025 उजाडण्याआधीच मागे पडले. ओएमआरवर आता मेट्रोच्या खांबांसाठी खोदकाम चालू होते, रस्ता आणखी अरुंद झाला होता, आणि बस पुन्हा भरून जाऊ लागल्या.

सक्तीला दोन महिने होतात न होतात तोच 4 डिसेंबर 2023 ला मिचाँग चक्रीवादळ चेन्नईजवळून गेले. कंपन्यांनी पुन्हा मेल पाठवले: घरून काम करा. पण पळ्ळिक्करणै, पेरुंबाक्कम, वेळच्चेरी, म्हणजे ओएमआरवर काम करणारे जिथे राहतात तेच भाग, पाण्याखाली होते. काही वस्त्यांत कित्येक दिवस वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती, माणसांना होडीतून बाहेर काढावे लागले. डिझेल जनरेटर, पिण्याचे पाणी आणि चालू इंटरनेट कुठे असेल तर ते उंच जोत्यावरच्या ऑफिसात होते, आणि तिथवर जायला रस्ता नव्हता. एरवी 'ऑफिसात या' म्हणणारी कंपनी 'घरीच राहा' म्हणत होती, आणि एरवी घरी राहू द्या म्हणणारी माणसे मनातून ऑफिसात पोचायला उतावीळ होती.

तमिळनाडू सरकारने त्यानंतर लहान शहरांत छोटी टायडेल पार्क उघडायला सुरुवात केली. फेब्रुवारी 2024 मध्ये विळुप्पुरमला, सप्टेंबरमध्ये सेलमला आणि तंजावरला. तंजावरच्या मराठी राजांचा वंश 1855 मध्ये पुरुष वारसाविना संपला आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले, त्यानंतर तिथली कितीतरी शिकलेली मराठी घरे नोकरीसाठी मद्रासला गेली. आता मद्रासचे काम तंजावरला येऊ घातले आहे. त्या इमारतीत बसणाऱ्या मुलामुलींना सकाळी घरून डबा घेऊन निघता येईल आणि संध्याकाळी घरी परतता येईल. फाटकावर ओळखपत्र दाखवावे लागेलच.